घटनास्थळ, पंचनामा आणि तपास : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ३१ वर्षं महाराष्ट्र पोलिसांत होतो. फौजदार म्हणून लागलो, निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, अगदी सलूनच्या खुर्चीवरसुद्धा लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. कलमांचे आकडे नव्या कायद्यांतले आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुन्याच दंड संहितेची कलमं लागतात.

गावाहून परत आलो तर घराचं कुलूप तुटलेलं. पोलीस येईपर्यंत काय करायचं?

आत जाऊ नका. चोर अजून आत असू शकतो, हे पहिलं कारण. दुसरं कारण म्हणजे पुरावा. दारातूनच मोबाईलवर दोन-चार फोटो काढा, ११२ लावा आणि बाहेर थांबा. कपाट किती उचकटलंय, मंगळसूत्र गेलं की राहिलं, हे बघायचा मोह आवरत नाही, ते मी समजू शकतो. पण तुम्ही कपाटाचं हँडल धरलं की त्यावर तुमचा ठसा बसतो आणि खालचा पुसला जातो.

एका घरफोडीत आम्ही पोचलो तेव्हा घरातल्या आजींनी फरशी पुसून, सांडलेले कपडे घड्या करून, शेजारच्या बायकांना चहासुद्धा दिला होता. "साहेब येणार, घर कसं दिसेल?" ही त्यांची काळजी. चोरानं फ्रिजमधून बाटली काढून पाणी प्यायलं होतं. ती बाटलीही घासून पालथी घातलेली. अख्ख्या घरात ठसा मिळण्यासारखी सगळ्यात चांगली जागा तीच होती.

याला अपवाद दोन. कुणी जखमी असेल तर पुराव्याची पर्वा न करता आधी त्याला उचला. आणि गॅस सुटला असेल किंवा आग असेल तर ती बंद करा. फक्त नंतर पोलिसांना सांगा की मी अमुक ठिकाणी हात लावला, अमुक वस्तू सरकवली. ते लपवलं तर पुढे फार गोंधळ होतो.

शेतात, बांधावर पायाचा किंवा टायरचा ठसा दिसला आणि पाऊस येईलसा वाटला, तर त्यावर घमेलं किंवा पाटी पालथी घाला. प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून त्याचा साचा घेता येतो, पण ठसा शिल्लक असेल तरच.

आधी कोण येतं आणि खरा तपास कोण करतं?

११२ वर फोन गेला की जवळची गाडी किंवा बीट मार्शल, म्हणजे त्या भागात गस्त घालणारे पोलीस, येतात. त्यांचं काम तीनच गोष्टींचं : जखमीला दवाखान्यात पाठवणं, जागा राखणं, वर कळवणं. तिकडे पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार स्टेशन डायरीला नोंद घेतो. किती वाजता खबर आली, कुणी दिली, कोण रवाना झालं. ही नोंद कंटाळवाणी वाटते, पण दोन वर्षांनी कोर्टात "तुम्ही तिथं होतात कशावरून?" असं विचारलं की तीच कामी येते.

मग ड्युटीवरचा अधिकारी येतो : उपनिरीक्षक किंवा सहायक निरीक्षक. खून, दरोडा असं काही असेल तर ठाण्याचे निरीक्षक, उपअधीक्षक, शहरात असाल तर सहायक आयुक्त. ज्याच्याकडे तपास दिला जातो तो तपासी अंमलदार. केस डायरी त्याची आणि कोर्टात उभं राहायची जबाबदारीही त्याचीच. ठाण्याचं डीबी पथक म्हणजे गुन्हे प्रकटीकरण पथक आरोपी शोधायच्या मागे लागतं. जिल्ह्यात एलसीबी म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा आणि शहरात क्राइम ब्रँच समांतर तपास करते. वर्तमानपत्रात फोटो बहुधा यांचे येतात. पंचनाम्याला उन्हात बसलेला हवालदार त्यात नसतो.

खेड्यात सगळ्यांच्या आधी पोचतो तो पोलीस पाटील. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली गावातल्या गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं हे त्याचं कामच आहे. चांगला पोलीस पाटील असला की दोरी बांधून जागा राखलेली असते. नसला तर अर्धं गाव प्रेताभोवती.

गर्दीचं आणि घाईचं काय होतं ते सगळ्या देशानं पाहिलं आहे. २००८ सालचं नोएडाचं दुहेरी हत्याकांड आठवा. १६ मे रोजी घरात मुलीचा मृतदेह मिळाला, गच्चीच्या दाराला कुलूप होतं, ते त्या दिवशी उघडलं गेलं नाही. ज्या नोकरावर संशय घेतला जात होता त्याचा मृतदेह दुसऱ्या दिवशी त्याच गच्चीवर सापडला. म्हणून आमच्याकडे नव्या फौजदाराला सांगतात की घटनास्थळ म्हणजे फक्त खोली नव्हे. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, मागची गल्ली, सगळं आलं.

"ही आमची हद्द नाही" असं म्हणून परत पाठवलं तर?

पाठवता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे (पुढे नुसतं कलम लिहिलं असेल तर ते याच संहितेचं) गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते. तिला शून्य क्रमांकानं नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येते असा, गुन्हा असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलेलं आहे. तरीही कुणी टोलवलंच तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. फिर्यादीला एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

पंचनामा म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे पावसानं पीक झोपलं तरी पंचनामा आणि खून झाला तरी पंचनामाच, त्यामुळे शब्द सगळ्यांना माहीत असतो. गंमत म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत हा शब्दच नाही. झडतीच्या वेळी त्या भागातले दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ रहिवासी हजर हवेत, असं कलम १०३ म्हणतं. त्याच पद्धतीनं आम्ही घटनास्थळाचा, प्रेताचा, जप्तीचा, कपड्यांचा असे सगळेच पंचनामे करतो. दोन पंचांनी स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं, त्याचं हे लिखाण. पोलिसाला काय वाटतं, त्याचं नव्हे.

चांगला पंचनामा जागेच्या चतुःसीमेनं सुरू होतो. "सदर घटनास्थळ हे पूर्व-पश्चिम बारा फूट व दक्षिणोत्तर दहा फूट मापाची पत्र्याची खोली असून, पूर्वेस डांबरी रस्ता, पश्चिमेस विहीर..." अशी ती भाषा. मग आत शिरायचं. दार कुठल्या बाजूला उघडतं, कडी आतून की बाहेरून, दिवा चालू की बंद, पंखा फिरतोय का. प्रेताचं डोकं कुठल्या दिशेला. भिंतीपासून किती अंतर, तेही दोन ठराविक जागांपासून मोजून, म्हणजे नकाशावर ती जागा पुन्हा काढता येते. फोटो आधी लांबून, मग मधून, मग जवळून, आणि जवळच्या फोटोत शेजारी मोजपट्टी. वस्तू उचलायची ती हे सगळं झाल्यावर.

आता मी खाल्लेली ठेच सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका चाळीतल्या मारामारीचा पंचनामा मी लिहिला. जिन्यावर लाल डाग होते. मी लिहून मोकळा झालो, "जिन्यावर रक्ताचे डाग." खरवडून नमुना पाठवला. प्रयोगशाळेचं उत्तर आलं, रक्त नाही. कुणीतरी पान खाऊन टाकलेली पिचकारी होती ती. बचावाच्या वकिलांनी तो एक शब्द धरून मला पाऊण तास उभा सोलला. "साहेब, तुम्हाला पिंक आणि रक्त यातला फरक कळत नाही, तर आरोपी कोण ते कसं कळलं?" तेव्हापासून मी "तांबूस रंगाचे, रक्तासारखे दिसणारे डाग" असंच लिहीत आलो. लोकांना पोलिसी भाषा हास्यास्पद वाटते. ती तशी का झाली, त्याचं कारण बहुतेक वेळा असं कुठल्यातरी साक्षीच्या पिंजऱ्यात सापडतं.

वेळही तितकीच महत्त्वाची. पंचनामा किती वाजता सुरू, किती वाजता संपला, हे शेवटी लिहितात. गुन्हा नोंदला गेला दुपारी एकला आणि अकराच्या पंचनाम्यावर गुन्हा रजिस्टर नंबर छापलेला, असं झालं की कागद नंतर ठाण्यात बसून रंगवला, हा आरोप आलाच.

मला पंच म्हणून बोलावलं. नाही म्हणता येतं का?

झडतीसाठी लेखी बोलावलं आणि तुम्ही सबळ कारणाशिवाय नकार दिलात, तर तो न्याय संहितेच्या कलम २२२ खाली गुन्हा होऊ शकतो. प्रत्यक्षात आम्ही पकडून कुणाला पंच करत नाही. ज्याला मनापासून यायचं नाही तो पंच कोर्टात फितूर होतो आणि सगळंच ओमफस.

लोकांची खरी भीती असते कोर्टाच्या खेट्यांची. समन्स आल्याशिवाय झडतीच्या पंचाला कोर्टात जावं लागत नाही. समन्स आलं तर जायचं आणि पाहिलं तेवढंच सांगायचं.

एकच गोष्ट पाळा : कोऱ्या कागदावर सही करू नका. लिहून झाल्यावर वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तुम्ही न पाहिलेलं काही लिहिलं असेल तर तिथल्या तिथे बोला. "साहेब, सुरा पलंगाखाली होता, उशीखाली नव्हता." चांगला अधिकारी रागावणार नाही, दुरुस्त करेल आणि खोडलेल्या जागी तुमची सही घेईल.

ठाण्यासमोरच्या टपरीवरचा तोच तो माणूस दर पंचनाम्याला बसवायची सवय काही ठाण्यांना असते. वकिलाचा पहिलाच प्रश्न ठरलेला, "याआधी किती वेळा पंच झालात?" तो माणूस बोटं मोजू लागला की सरकारी वकील कपाळाला हात लावतात. म्हणूनच गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच घ्यायची पद्धत महाराष्ट्रात आली. तहसीलचा कारकून किंवा ग्रामसेवक कुरकुरत येतो, पण कोर्टात टिकतो.

फॉरेन्सिकवाले प्रत्येक गुन्ह्यात येतात का?

सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणं आणि त्याचं चित्रीकरण करणं कलम १७६(३) नं सक्तीचं केलं आहे. ही सक्ती कधीपासून, ते ठरवायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. घरात शिरून केलेल्या चोरीलाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे कागदावर तुमची घरफोडीसुद्धा यात बसते. राज्यात दररोज किती घरं फुटतात याचा अंदाज असलेला कुणीही सांगेल की एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून. २०२५ पासून महाराष्ट्रात फॉरेन्सिक व्हॅन रस्त्यावर उतरल्या आहेत, त्यानं फरक पडतोय.

न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे. पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती इथेही प्रयोगशाळा आहेत. तिथून येतो तो "सीए रिपोर्ट". नाव इंग्रजी अमलातल्या केमिकल अॅनालायझरवरून पडलेलं आहे. खात्यात आणि कोर्टात आजही तेच चालतं. "सीए आला का?" हे तपासी अंमलदाराच्या आयुष्यातलं सर्वात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य असावं.

ठसेतज्ज्ञ आले आणि आमच्याच घरच्यांचे ठसे घेऊन गेले. आमच्यावर संशय आहे का?

नाही हो. कपाटावर दहा ठसे मिळाले, त्यातले आठ तुमचेच असणार. ते बाजूला काढल्याशिवाय उरलेले दोन कुणाचे ते कसं कळेल? कामवाली, दूधवाला, गेल्या आठवड्यात पंखा लावून गेलेला वायरमन, सगळ्यांची नावं सांगा.

काच, स्टीलचा डबा, पॉलिश केलेलं लाकूड, चिनीमातीची फरशी यावर ठसा छान उठतो. पावडर ब्रशनं फिरवायची, उमटलेला ठसा टेपवर उचलायचा. खडबडीत भिंत, सुती कापड, गोणपाट यावर मिळणं कठीण. कागदावरच्या ठशाला रसायन लागतं, तो जागेवर घेत नाहीत, कागदच पाठवतात. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं केंद्र १८९७ मध्ये कलकत्त्याला सुरू झालं. आपल्या राज्याचं केंद्र पुण्याला सीआयडीकडे आहे. आता ठसा संगणकावर देशभरच्या नोंदींशी ताडून पाहता येतो. पूर्वी भिंग घेऊन कार्डं बघता बघता डोळ्यांची वाट लागायची.

श्वानपथकानं ज्याच्या दारात जाऊन भुंकलं तोच चोर, असं धरायचं का?

तसं धरू नका, कोर्टही धरत नाही. महाराष्ट्रातून गेलेल्या अपिलात १९६९ सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही आणि माणसाचं स्वातंत्र्य श्वानाच्या अंदाजावर टांगता येत नाही. कुत्रा तपासाला दिशा देतो. चोर हमरस्त्यापर्यंत चालत गेला आणि तिथून गाडीत बसला, एवढं कळलं तरी आमचं अर्धं काम होतं. मग त्या नाक्यावरचा सीसीटीव्ही बघायचा.

रक्ताचे कपडे कागदात का बांधतात? प्लास्टिकची पिशवी चालत नाही?

ओले कपडे प्लास्टिकमध्ये कोंडले की कुजतात, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. म्हणून सावलीत वाळवायचे (उन्हात नाही), प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात गुंडाळायचा. जळिताच्या गुन्ह्यात उलटं : राख, अर्धवट जळलेली चिंधी हवाबंद डब्यात, नाहीतर पेट्रोल-रॉकेलचा वास उडून जातो आणि प्रयोगशाळेला काही मिळत नाही. विषाचा संशय असेल तर शवविच्छेदनातला व्हिसेरा (शरीराच्या आतले अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात.

मग पाकिटावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, सुतळी, लाख, त्यावर पितळी शिक्का. लाख वितळवताना बोट न भाजलेला हवालदार मी पाहिला नाही. ठाण्यात मुद्देमाल कारकून रजिस्टरला नंबर टाकतो. प्रयोगशाळेत कोण घेऊन गेला, किती वाजता, सील शाबूत होतं का, प्रत्येक हाताची नोंद हवी. मधली एक कडी तुटली की डीएनए जुळूनही उपयोग नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या एका खटल्यात हेच बजावलं : डीएनएचे नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा आणि कुणाच्या ताब्यात कधी होते त्याची वही ठेवा.

सोसायटीचा सीसीटीव्ही आणि आमचे मोबाईल पोलीस नेतात. ते योग्य आहे का?

गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर कलम १०६ खाली वस्तू जप्त करता येते. पण जप्तीचा कागद व्हायलाच हवा. त्यात मोबाईलचा मेक, रंग, आयएमईआय नंबर असतो. त्याची प्रत मागा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता कलम १०५ नं बंधनकारक आहे. आमची पोरं ते ई-साक्ष अॅपवर करतात.

सीसीटीव्हीच्या बाबतीत सोसायटीच्या सेक्रेटरींना माझी विनवणी अशी, की पोलिसांची वाट बघू नका. डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, भरला की जुन्यावर नवं चढतं, काही ठिकाणी आठवड्यातच. घटना घडल्याबरोबर त्या वेळेचं चित्रण वेगळं काढून ठेवा आणि डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते कागदावर लिहा. अनेक डीव्हीआर वीस मिनिटं चुकीचे असतात, आणि वीस मिनिटांत आरोपी निर्दोष ठरतो. मूळ यंत्र कोर्टात न नेता प्रत दिली, तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही भरायची असते, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा आकडा.

चित्रण नसण्याची किंमत काय असते, याचं उदाहरण वाराणसीचं आहे. तिथल्या हॉटेलात एका इटालियन पर्यटकाचा मृत्यू झाला, बरोबरच्या दोघांना जन्मठेप झाली. हॉटेलात कॅमेरे होते, पण चित्रण कोर्टापुढे आलंच नाही. जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांना सोडलं.

घरात कुणी मेलेलं आढळलं, पण गुन्हा आहे की नाही माहीत नाही. मग?

मग "आकस्मिक मृत्यू" नोंदतात आणि कलम १९४ प्रमाणे चौकशी होते. प्रेताचा पंचनामा यालाच आम्ही इन्क्वेस्ट म्हणतो. अंगावरच्या जखमा, कपडे, दागिने, डोळे-तोंड कसं आहे, सगळं पंचांसमोर. कुणी मारलं हे त्यात ठरत नाही, मरण कशानं आलेलं दिसतं एवढंच. प्रेताला कोण हलवणार, यावरून भावकीत वाद होतात. पोलीस येईपर्यंत हलवू नका, धुगधुगी असण्याची जराही शक्यता असेल तर मात्र लगेच हलवा.

लग्नाला सात वर्षं झालेली नसताना विवाहितेचा मृत्यू संशयास्पद असेल किंवा ती आत्महत्या वाटत असेल, तर शवविच्छेदन टाळता येत नाही. "आमची तक्रार नाही, बॉडी द्या" असं दोन्हीकडच्यांनी लिहून दिलं तरी नाही.

वॉरंट नसताना पोलीस घरात झडती घेऊ शकतात का?

तपास चालू असेल, वॉरंट आणेपर्यंत वस्तू नाहीशी होईल असं वाटलं, तर कलम १८५ खाली घेऊ शकतात. कारणं आधी लिहून ठेवावी लागतात. स्त्रीची झडती स्त्रीनंच घ्यायची. मिळालेल्या वस्तूंच्या यादीची प्रत घरमालकाला द्यायची.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. सही करू का?

फिर्यादीवर सही करायची, साक्षीदाराच्या तपासातल्या जबाबावर सही लागत नाही. कलम १८१ ती घ्यायलाच मनाई करतं. बाई असेल, पंधराच्या आतला मुलगा किंवा साठीच्या वरचा माणूस असेल, अपंग किंवा गंभीर आजारी असेल, तर जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं (कलम १७९). हे ठाण्यातल्या नव्या पोरांनाही पुष्कळदा आठवण करून द्यावं लागतं. नम्रपणे द्या.

पेपरात येतं, "आरोपीनं हत्यार काढून दिलं." म्हणजे काय?

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही. पण आरोपीनं सांगितलं, "कोयता विहिरीजवळच्या बाभळीखाली पुरलाय, चला दाखवतो," आणि खरंच तिथून कोयता निघाला, तर त्या सांगण्यातला तेवढाच, कोयता सापडण्याशी थेट जोडलेला भाग चालतो. जुन्या पुरावा कायद्यातलं हे कलम २७, आता साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आलंय.

यात आमची पद्धत अशी : पंच आधी ठाण्यात हजर, त्यांच्यासमोर आरोपी त्याच्याच शब्दांत बोलणार, ते जसंच्या तसं लिहायचं, मग आरोपी पुढे आणि आम्ही मागे. गाडी कुठे वळवायची तेही त्यानंच सांगायचं. अधिकाऱ्याला जागा आधीच माहीत असेल तर सगळं मुसळ केरात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशातल्या एका फाशीच्या खटल्यात आरोपीला सोडलं, त्यात आरोपीचे नेमके शब्द पंचांसमोर लिहिले गेले नाहीत, हा मोठा दोष धरला. मला विचाराल तर तपासातली सर्वात मोठी घाई इथेच होते. हत्यार मिळाल्याच्या आनंदात कागद मागे राहतो.

घटनास्थळाचे फोटो ग्रुपवर टाकले तर काय बिघडतं?

आरोपीला कळतं की पोलिसांना काय मिळालं आणि काय नाही. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड केली तर न्याय संहितेच्या कलम ७२ खाली तुरुंग आहे. टाकू नका.

चोरीचा माल मिळाला, पण मुद्देमाल आम्हाला कधी परत मिळणार?

कोर्टातून. पोलीस स्वतःहून देऊ शकत नाहीत. कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करायचा, मालकीची पावती जोडायची, सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा वस्तू हजर करीन असं लिहून दिल्यावर, सोनं, गाडी परत मिळते. वस्तूंचे फोटो आणि तपशील ठेवून त्या लवकर सोडाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलं. नव्या संहितेनं त्याला मुदतही घातली : कोर्टानं १४ दिवसांत वस्तूंची यादी आणि त्यानंतर ३० दिवसांत निकाल करायचा. तरी ठाण्याच्या आवारात वेल चढलेल्या मोटारसायकली दिसतात, कारण कितीतरी मालक अर्जच करत नाहीत.

तपास कुठवर आला, हे विचारायचा हक्क आहे का?

आहे. ९० दिवसांच्या आत प्रगती कळवणं कलम १९३ नं पोलिसांवर टाकलंय. मोबाईलवर मेसेज आला तरी चालतो. आला नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी चौकशीला "तपास चालू आहे" हेच उत्तर मिळणार, मीही हजार वेळा दिलंय.

पंचनामा झाला. घर आमच्या ताब्यात कधी? आणि रक्त कोण धुणार?

घर किती दिवस सील ठेवायचं, याची मुदत कायद्यात लिहिलेली नाही. फॉरेन्सिकचं काम झालं, पुन्हा जागा बघायची गरज नसली, की तपासी अंमलदार मोकळं करतो. त्याच्याकडून "जागा वापरायला हरकत नाही" असं लेखी घ्या आणि त्यानंतरच फरशी धुवा. आधी धुतलीत आणि दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ आले, तर पुरावा नष्ट केल्याचा संशय तुमच्यावर येतो.

धुण्याचं काम पोलीस करत नाहीत, नगरपालिका करत नाही. ते घरच्यांवर पडतं. एकदा एका खुनाच्या घरात मयताची बायको बादली आणि खराटा घेऊन दारात उभी होती, आमचं आटपायची वाट बघत. आमच्या हवालदारांनी तिच्या हातातून खराटा घेतला, दोन शेजाऱ्यांना हाक मारली आणि तिला बहिणीकडे पाठवून दिलं. केस डायरीत याची नोंद नाही. शेजारी असाल तर तुम्हीही विचारू शकता. हातात रबरी मोजे घाला, गरम नको, गारच पाणी वापरा. गरम पाण्यानं रक्त फरशीला धरून बसतं.